सहदेवरावांचा हापूस कर्नाटकचा

स्वावलंबन ही इतकी जबाबदारीची गोष्ट आहे की ती माणसाने एकट्याने करू नये. या विचारातूनच कोपर स्टेशनजवळ आमच्या 'मस्तकाघात स्वयंरोजगार साहाय्य मंडळा'ची स्थापना झाली. डोक्याला मार लागलेल्या प्रौढांना स्वतःच्या पायांवर उभं करणं, हे मंडळाचं ध्येय. आजवर तीन जण उभे राहिले असून त्यांना धरायला एकोणीस पदाधिकारी लागले. (खुर्च्या सोळाच आहेत, त्यामुळे काही पदाधिकारीही उभेच असतात.) मी मंडळाचा सहचिटणीस. चिटणीस कोणी नाही.

आमचे चौथे लाभार्थी सहदेवराव. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचे. सोसायटीतल्या माडाचे नारळ उतरवण्याचा ठराव ज्या दिवशी चौथ्यांदा पुढे ढकलला गेला, त्याच दुपारी त्यातल्या एका नारळाने आणखी वाट न बघण्याचा निर्णय घेतला. सहदेवराव वाचले, नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली आहे. दुपारनंतर ते थकतील, आणि मनातलं ओठांवर येण्याआधी जो ब्रेक लागतो तो आता लागणार नाही. बाकी हिशेब, हातपाय, भूक, सगळं शाबूत.

त्यांची बायको मालन मंडळात आली ती तणतणतच. "दिवसभर भिंतीकडे बघत बसतात हो. लोक येतात, 'बिचारा' म्हणतात, चहा पिऊन जातात. मला घरात बिचारा नकोय. त्यांचं स्वतःचं काहीतरी उभं राहू दे!" हे ऐकून सभागृहाला गहिवरून आलं व चहा मागवण्यात आला.

मंडळाने आंब्याचा स्टॉल ठरवला. (सहदेवरावांना काय करायचं आहे, हा विषय पत्रिकेवर नववा होता. वेळ संपली.) अट एकच: महिन्याभरात धंदा चालला नाही तर स्टॉल परत, आणि लाभार्थ्याने यापुढे मंडळात बसून, मंडळाच्या देखरेखीखाली, मंडळाची पाकिटं चिकटवायची. मालनने हात जोडून अट मान्य केली.

पहिल्याच सकाळी एक काकू आल्या. "देवगडचाच ना हो?"

"नाही काकू, कर्नाटकचा. आणि खालच्या थरातले दबलेत."

काकूंनी मनापासून आभार मानले आणि शेजारच्या जगनकडून दुप्पट भावाने पेटी घेतली, कारण जगनने आईची शपथ घेऊन देवगडचा सांगितला होता.

"तोही माझ्याच टेम्पोतला," सहदेवराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!" काकू म्हणाल्या.

मग रोज हेच. इथला कर्नाटकचा, म्हणजे तिथला देवगडचाच असणार, अशी गिऱ्हाइकांची खात्री पटायची. जगनचा खप इतका वाढला की तो सहदेवरावांना स्वखर्चाने कटिंग चहा पाठवू लागला. असा परोपकारी स्टॉल मंडळाच्या इतिहासात झाला नाही.

महिना भरल्यावर सभा बसली. दोष गिऱ्हाइकात नाही, आंब्यात नाही, जगनमध्ये तर मुळीच नाही. तेव्हा तो मेंदूतच आहे, असं एकमताने ठरलं. अध्यक्ष परशुरामभाऊंनी उपचार स्वतः हाती घेतला. "म्हणा, अगदी देवगडचा आहे."

"तुमचा विग तिरका झालाय," सहदेवराव म्हणाले.

नऊ वर्षांत ही बाब कोणी सभेपुढे आणली नव्हती. स्टॉल तिथल्या तिथे काढून घेण्यात आला आणि उद्यापासून पाकिटं, असं ठरलं. मालन संतापून म्हणाली, "एकोणीस माणसं मिळून एकाला खोटं बोलायला शिकवताय, आणि आजारी तो?" मग ती जिन्यात बसून रडली. (जिना मंडळाच्या अखत्यारीत येत नाही.)

जिन्यातच तिला आवडाबाई भेटल्या; विगचं त्यांनी दारातून ऐकलं होतं. मंडळाच्या खोलीच्या मालकीण; इथल्या मूळच्या, ज्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उगवलेत. त्यांना नातवासाठी ठाण्याच्या बाळकुमला फ्लॅट बघायला जायचं होतं. "तुजा नवरा देस माज्यासंगं?" त्या म्हणाल्या. "मना खरा बोलनारा मानूस पायजे. घरची सगली गोड गोड बोलतान."

सॅम्पल फ्लॅटमध्ये सेल्सवाला बेडरूमच्या ऐसपैसपणाचं कौतुक करत होता. सहदेवराव म्हणाले, "पलंग आखूड बनवलाय, म्हणून खोली मोठी दिसतेय." आवडाबाई चपला काढून पलंगावर आडव्या झाल्या. पाय पोटऱ्यांपासून बाहेर. भाव खाली आला, आणि सहदेवरावांना अपघातानंतरची पहिली कमाई मिळाली. घरी येऊन त्यांनी ती मालनच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आज भिंत बघितली नाही मी."

आता त्यांचा धंदाच हा आहे: खरेदीला सोबत यायचं आणि दिसेल ते बोलायचं. (मंडळाची पाकिटं अजून चिकटायची आहेत.) मालन फोनवर वेळा देते, फक्त सकाळच्या. दुपारी मालक झोपतात. जुनी गाडी, पैठणी, क्लासची फी, काही सांगा. एका मुलीच्या बापाने त्यांना कांदेपोह्यांना घरी बोलावलं, तर सहदेवरावांनी चप्पल काढायच्या आतच मुलाच्या आईने खरा पगार सांगून टाकला. परवा त्या काकू त्यांना घेऊन जगनकडे गेल्या. जगनने कटिंग बंद केली आहे.

मंडळाने अहवालात ही आपली यशोगाथा म्हणून छापली व जाहीर सत्कार केला. (शाल दिली. दोन शब्द बोलायची विनंती केली नाही.)

लोकाग्रहास्तव आता घरपोच सेवाही सुरू झाली आहे. सहदेवराव तुमच्या घरी येतील, तासभर बसतील, आणि तुम्ही माणूस म्हणून कसे आहात ते तुम्हाला सांगतील. पहिली भेट मोफत. फोन इतके येतायत की मालनला जेवायला फुरसत नाही, मात्र आजवर एकानेही स्वतःचा पत्ता दिलेला नाही. तुम्हीही एव्हाना फोन हातात घेतला असेलच. सांगा पत्ता. नाही, शेजाऱ्यांचा नको, तुमचा सांगा. बरं, राहू द्या. तुमचा शेजाऱ्यांनी मघाशीच दिलाय.