काचेपलीकडची आई

लेकीला कॉलेजच्याच बालवाडीत घातलं, तेव्हा तिला वाटलं, आपल्यासारखी हुशार बाई दुसरी नाही. एकाच फाटकातून आत, एकाच फाटकातून बाहेर. ती स्वतः तिथेच 'बालविकास आणि कुटुंब अभ्यास' शिकत होती. फक्त बालवाडीतला मोठा आरसा म्हणजे एकतर्फी काच आहे आणि तिच्यामागच्या खोलीत बसून विद्यार्थिनी मुलांचं निरीक्षण करतात, हे तिला उशिरा कळलं. (माहितीपत्रक वाचायचं राहिलं होतं. लेक वाचू देत नाही, असं ती नवऱ्याला सांगे.)

पहिल्या प्रात्यक्षिकाला सगळ्या जणी त्या अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. समोर पिवळा एप्रन घातलेली लेक बाहुलीशी घर-घर खेळत होती. "माझी आहे ती," म्हणायला तिने तोंड उघडलं आणि छताजवळच्या स्पीकरमधून लेकीचा आवाज आला, "गप पड. मला अभ्यास आहे ना? झोप म्हटलं तर झोप." बाहुली उशीखाली दाबली गेली.

"अगं बाई, हिच्या घरी काय चालतं ते दिसलंच," शेजारी बसलेली वर्गमैत्रीण म्हणाली.

तिचं तोंड मिटलं.

"पिवळ्या एप्रनबद्दल कोण बोलेल?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. गप्प राहिलं तर चोरी पकडली जाईल, या भीतीने तिनेच हात वर केला. "आईला संयम कमी आहे. मूल जवळ यायला बघतं, ती त्याला धाक दाखवते." बाई मान डोलावू लागल्या, तशी तिची जीभ सैल सुटली. (लग्नानंतर तिच्या बोलण्यावर कुणी मान डोलावली नव्हती.) "अशा बायकांना मूल सांभाळता येत नाही आणि ते कबूलही करवत नाही."

"उत्तम. शाळा सुटली की आई न्यायला येईल, तेव्हा हे तिला तुम्हीच समजावून सांगा. बाकीच्यांनी ऐकायला थांबा."

शाळा सुटली. सगळ्या जणी खोलीतून बाहेर येऊन बालवाडीच्या दाराशी थांबल्या. एकेक मूल आपापल्या माणसाबरोबर गेलं. न्यायला आलेल्याने हात धरल्याशिवाय बाकावरून उठायचं नाही, असा तिथला नियम. शेवटी बाकावर एकटा पिवळा एप्रन उरला.

"कसली बेफिकीर बाई आहे," तीच वर्गमैत्रीण म्हणाली.

"येईल गं. अडकली असेल कुठे."

"मघाशी तर तूच तिला सोलून काढत होतीस."

लेक आईकडेच बघत होती. आई समोर उभी असूनही न्यायला येत का नाही, हे तिला कळेना. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला, तेव्हा मात्र हिला राहवलं नाही. तिने जाऊन लेकीला कडेवर उचललं. "बाई, ती आई... मीच."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "नाक तेच आहे. पण तुम्ही इतकं छान बोलत होतात, मध्ये तोडवेना." मग त्या लेकीकडे वळल्या. "तुझी आई आमच्याकडे शिकते हं. मुलांना कसं वाढवायचं ते."

लेकीने आईकडे नीट निरखून पाहिलं.

"अजून शिकतेच आहे? मी तर मोठी झालेसुद्धा."