परबकाकांचा मुका ड्रम

आमच्या वरच्या मजल्यावरचे परबकाका कुठल्याही बिघडलेल्या वस्तूला आधी हाक मारतात. मग बोटाच्या पेराने टकटक करतात. मग मान तिरकी करून थांबतात. वस्तू काहीतरी म्हणेल अशी पूर्ण खात्री असल्यासारखे थांबतात, आणि ती काहीच म्हणाली नाही की आपल्याकडे वळून निदान सांगतात, "लाइन जिती आसा. पलीकडे माणूस नाय."

सोसायटीचा पाण्याचा पंप, माझा मिक्सर, तळमजल्यावरच्या रॉड्रिग्ज आंटींचं कानातलं मशीन, सगळ्यांना हेच निदान. मशीनवर टकटक केली तेव्हा ते आंटींच्या कानातच होतं. आंटींनी त्यावर जे उत्तर दिलं, त्यावरून पलीकडे माणूस भरपूर आहे हे काकांना कळलं.

काकांनी उभी हयात टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढली. खांबावर चढायचं, वायर जोडायची, "हॅलो, येतंय का?" विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. निवृत्त झाले, पण वाट बघायची सवय गेली नाही. गणपतीच्या आरतीत सगळ्यांची टाळी पडून गेली की मग काकांची पडते. शेजारी उभं राहणाऱ्याचीही लय बिघडते, म्हणून मी त्यांना प्रसादाच्या टेबलापाशी उभं करते.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. चारकोपला आल्यापासून हे काम माझ्याकडे आहे, कारण दुसरं कोणी घेत नाही. मला प्रत्येक गोष्ट क्रमाने लागते. टाकी धुण्याची यादी, गच्चीची किल्ली कोणाकडे आहे त्याची यादी, आणि कुठली यादी कुठल्या फायलीत आहे त्याचीही एक. काका मला म्हणतात, "वर्षा, तू मेलीस तरी यमाकडे हजेरी लावून मगच बसशील."

परबांच्या घराबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तिथे प्रत्येक वस्तूला कव्हर आहे. फ्रिजच्या हँडलला, मिक्सरला, इस्त्रीला. गॅसच्या सिलिंडरला तर झालरीचा फ्रॉक. हे सगळं सुलभाकाकूंच्या हातचं. "आमच्या घरात उघडे म्हणजे फक्त हे," असं त्या काकांकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आणि उन्हाळ्यात जरा जास्तच." काकू गेल्या थंडीत गेल्या. चक्कर येते म्हणून डॉक्टरकडे गेल्या आणि परत आल्याच नाहीत. कव्हरं सगळी जिथल्या तिथे आहेत.

एप्रिलमध्ये एका दुपारी काकांनी माझी बेल वाजवली.

"वर्षा, वर ये गे. ड्रम मुको झालो."

मी वर गेले. ड्रम म्हणजे खरा ड्रम नव्हे. काकांची मुलगी पुण्याला असते. तिने घर बदललं तेव्हा नात सईचा व्हिडिओ गेम सामानासकट आजोळी पाठवून दिला. त्यातला हा ड्रम. एका स्टँडवर ताटाएवढे पाच पॅड, लाल, पिवळा, हिरवा, नारिंगी, निळा, आणि खाली पायाने दाबायचं पेडल. टीव्हीवर गाणं लागतं, रंगीत ठिपके वरून खाली घरंगळत येतात. ज्या रंगाचा ठिपका आला त्या रंगाच्या पॅडवर काठी मारायची. वेळेवर लागली तर टीव्हीतली माणसं ओरडून दाद देतात. बऱ्याचदा चुकली तर हुर्यो करतात आणि गाणंच बंद पाडतात.

इथे गाणं सुरूच होत नव्हतं. काका काठी मारत होते आणि टीव्ही ढिम्म.

"लाइन जिती आसा..." काकांनी सुरुवात केली.

"काका, तुम्हाला कशाला हवाय हा?"

"सईचा फोन आलेला. मेमध्ये येणार ना ती. म्हणाली, आजोबा, ड्रम चालतो ना? नाही तर मी तिथे येऊन एकटी काय करू, इथे स्विमिंगचा कॅम्प आहे."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"चालता म्हटलं. एकदम झकास." काकांनी पॅडवर पेराने टकटक केली आणि मान तिरकी केली. "आता तो झकास होऊक होयो."

म्हणजे सुट्टी लागायच्या आत ड्रम बोलला नाही, तर सई येणार नव्हती. मला असं काम आवडतं. मी खाली जाऊन वही आणली आणि यादी केली. सेल बदलणे. रिसीव्हर काढून पुन्हा लावणे. गेमचं मशीन बंद करून चालू करणे. सेटिंग तपासणे. पॅड उघडणे.

सेल बदलले. जुने सेल काकांनी तळहातावर ठेवून वजन केल्यासारखे पाहिले आणि "दमलेत" म्हणून बाजूला ठेवले. रिसीव्हर म्हणजे टीव्हीखालच्या मशीनमध्ये खोचायचा बोटभर तुकडा. तो काकांनी आधी कानाला लावला. मशीन बंद करून लगेच चालू करा म्हटलं तर ऐकेनात. "तासभर तरी झोप दे गे त्याला," म्हणाले, आणि खोलीचे पडदे ओढून घेतले. आम्ही स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात चहा प्यालो.

ड्रम बोलला नाही.

सेटिंगमध्ये काठी किती हळू मारली तरी चालेल ते ठरवता येतं. मी ते अगदी टोकाला नेलं. पॅड मागून उघडले. आत नाण्याएवढी पितळी चकती असते, काठीचा हादरा तिला कळतो आणि ती तो पुढे कळवते. काकांनी प्रत्येक चकतीची वायर तपासली, पुन्हा जोडली आणि प्रत्येक वेळी आत तोंड घालून "हॅलो" म्हटलं. निळ्या पॅडकडे मी वळले तेव्हा मात्र ते पटकन म्हणाले, "त्याला हात नको. सुई आहे."

मला वाटलं, लाइनमन लोकांची तपासणीची काहीतरी पद्धत असेल. मी यादीत लिहून टाकलं, "निळा: सुई लावली आहे."

यादी संपली तेव्हा रॉड्रिग्ज आंटी धापा टाकत वर आल्या.

"परब, तुला कोण म्हणतो रे ड्रम बंद आहे? मला खाली चांगला ऐकू येतो. मशीन न लावता!"

"आंटी, टीव्हीला ऐकू येत नाही."

"मग मशीन त्याला दे. माझं नेऊन लाव!"

शेवटी मी काकांना मालाडच्या एका गेमच्या दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या पोराने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "अंकल, हा मॉडेल कधीच बंद झाला. पार्ट मिळणार नाही. फेकून द्या ना, यार."

"बंद झालो म्हणजे फेकायचो?" काकांचा आवाज चढला. "मीही बंद झालेला मॉडेल आहे. मला फेकशील?"

पोराने पहिल्यांदा वर पाहिलं. काकांनी त्याच्या काउंटरवर टकटक केली, मान तिरकी केली, आणि माझ्याकडे वळले. पुढचं निदान त्यांनी म्हणायच्या आत मी त्यांना बाहेर काढलं.

रविवारी संध्याकाळी मी घरी मालिका बघत होते. आवाज वाढवायला रिमोट दाबला. वाढला नाही. अंगठा रोवून दाबला. नाही. आमचा रिमोट, दुकानातून आला त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत अजून आहे; धूळ बसू नये म्हणून. पिशवी आता चुरगळून जाड झाली होती. मी ती फाडून काढली आणि दाबला. टीव्ही केवढ्यांदा ओरडला!

मी हातात रिमोट घेऊन तशीच उठले आणि जिना चढले.

त्या पाचही पॅडवर कव्हरं होती. जुन्या साडीची, आत कापूस भरलेली, गोधडीसारखी जाड, खालून इलॅस्टिक लावून घट्ट बसवलेली, ज्या रंगाचा पॅड त्या रंगाची. आणि इतके दिवस माझ्या डोळ्यांना ती दिसलीच नव्हती. परबांच्या घरात कव्हर दिसत नाही. ते वस्तूचाच भाग असतं. शिवाय माझ्याही घरात काय वेगळं आहे? आम्ही कव्हरातूनच बटणं दाबणारी माणसं.

काका पॅडचा स्क्रू आवळत बसले होते.

"काका, कव्हर!" मी दारातूनच म्हटलं. "कव्हर काढा! हादरा आत पोचतच नाहीये!"

काकांनी स्क्रू पूर्ण आवळला. मग पेचकस खाली ठेवला.

"माका ठावक आसा," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी कळलं. लाइनमन आहे मी."

"मग हे सगळं? सेल, सेटिंग, मालाड?"

"तू यादी केलीस ना, त्यात कव्हर नव्हतं," काका म्हणाले. "बरं वाटलं."

मी रिमोट टेबलावर ठेवला आणि बसले. 

काका मग आपणहून बोलले. गेल्या मेमध्ये सई आणि काकू मिळून वाजवायच्या. सईकडे चार पॅड, काकूंकडे एक, निळा. "ती बघ, त्या खुर्चीत बसायची. निळा ठिपका आला की मारायची आणि लगेच माझ्याकडे बघायची. मी बघितलं की नाही ते बघायला." सई पुण्याला गेली आणि काकू कव्हरं शिवायला बसल्या. पुढच्या मेपर्यंत धूळ बसेल म्हणून. सावकाश काम, दुपारी जमेल तसं. चार पुरी झाली. निळं पॅडवर चढवून त्या कडेला टाके घालत होत्या, तेवढ्यात चक्कर आली.

"सुई टोचून ठेवली आणि म्हणाली, येऊन पुरी करते."

मी निळ्या पॅडकडे पाहिलं. कडेला अर्ध्यावर आलेले टाके, त्यापुढे सुई, सुईत दोरा. माझ्या यादीतली सुई ती हीच.

"काका," मी म्हटलं, "चार काढू. निळा राहू दे."

"चार चालतील?"

"चालतील की नाही ते सई आली की बघू. आधी ती येऊ तर दे."

काकांनी विचार केला. मग लाल पॅडचं कव्हर सोडवायला घेतलं, झोपलेल्या मुलाच्या अंगातून स्वेटर काढावा तसं. पिवळं, हिरवं, नारिंगी. चारही घडी करून मांडीवर ठेवली. मी लाल पॅडवर बोटाने नुसतं टिचकावलं. टीव्हीतून धाडकन आवाज आला.

काका दचकले. "हॅलो!" म्हणाले.

सई मेच्या पहिल्या आठवड्यात आली. वर्षभरात उंच झालेली, पाठीवर सॅक, येता येता रॉड्रिग्ज आंटींच्या पाया पडलेली. त्यामुळे आंटीही मागोमाग वर. सॅक न उतरवताच तिने काठ्या हातात घेतल्या. गाणं सुरू झालं. पोरगी काय वाजवते! आंटींनी कानातलं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं. मग निळे ठिपके यायला लागले. एक गेला, दुसरा गेला, पुढचे सगळे गेले. टीव्हीतल्या माणसांनी हुर्यो केली आणि गाणं बंद पडलं.

"आजोबा, निळ्याला काय झालं? आणि याला कव्हर का आहे?"

तिचा हात कव्हराकडे गेला. सुईपाशी थांबला.

"तो बंद आहे," काका घाईघाईने म्हणाले. "पार्ट मिळणा नाय."

सईने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, खरंच?"

सोसायटीच्या इतिवृत्तात मी आजवर एक ओळ खोटी लिहिलेली नाही. कमिटीने हातापाया पडूनही नाही.

"खरंच," मी म्हटलं. "मी स्वतः मालाडला जाऊन विचारलं. मॉडेल बंद झालाय."

सई क्षणभर सुईकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. मग सेटिंगमध्ये जाऊन तिने काहीतरी बदललं. "आता ठिपके सुटले तरी गाणं थांबणार नाही. आजोबा, तू बस."

काका बसले, त्या खुर्चीत. गाणं पुन्हा सुरू झालं. सई चार पॅडवर वाजवत होती, आणि निळे ठिपके घरंगळत येऊन तसेच खाली जात होते. काकांचं बोट खुर्चीच्या हातावर होतं. पहिला निळा ठिपका तळाशी आला आणि बोट पडलं. दुसरा आला, पुन्हा पडलं. टक.

मी उगाच वाट बघत होते, आरतीसारखा उशीर कधी होतो याची.

झाला नाही.