फुटबॉल टीम, नग एक

नाशिकच्या औद्योगिक इतिहासात परदेशी भांडवलाने विकत घेतलेला पहिला फुटबॉल क्लब आमचा होता, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. खरेदीच्या कागदपत्रांत तशी नोंदच आहे. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या मालाच्या यादीत आमचा क्लब 'फ्लँज' आणि 'फनेल' यांच्या मध्ये येतो: फुटबॉल टीम, नग एक.

ही नोंद केली आमचे स्टोअरकीपर दामोदर काठे यांनी. काठेभाऊंच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या. रजिस्टरला असलेल्या आणि नसलेल्या. "रजिस्टरला हाय ना? मग हाय," हे त्यांचं पालुपद. सातपूरच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात त्यांनी स्लिपशिवाय कुणाला वॉशरसुद्धा दिला नाही. एकदा खुद्द फॅक्टरी मॅनेजर टेबलाच्या निखळलेल्या पायासाठी खिळा मागायला आले. काठेभाऊंनी त्यांना स्लिप भरायला लावली आणि 'कशासाठी' या रकान्यात नुसतंच 'टेबल' लिहिलं म्हणून ती परत केली. "कोणतं टेबल? टेबलाला नंबर असतो, साहेब." माझ्या मुलाच्या बारशाला ते आले, तेव्हा पाळण्यात वाकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन?"

मी पर्सनल खात्यात होतो. नोटिसांची मराठी भाषांतरं करणं आणि ती वाचून लोक चिडले की ती माझी नव्हेत असं सांगणं, हे माझं काम. कंपनीची फुटबॉल टीम कामगार कल्याणात, म्हणजे माझ्या खात्यात येई. आपल्याकडे त्या काळी धंदेवाईक फुटबॉल म्हणजे कंपन्यांचा फुटबॉल. पोरं मस्टरवर हेल्पर म्हणून लागायची, सकाळी मशीन पुसायची आणि दुपारी खेळायची. देवळाली कॅम्पचा अँथनी आमचा कप्तान. टीमने पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनाही क्वचित हरवलं होतं. पण टीम चालवायचे ते काठेभाऊ.

दर शनिवारी दुपारी ते चुन्याचं घमेलं घेऊन मैदानावर जात आणि दोरी न लावता रेषा मारत. त्यांचे वडील मखमलाबादकडे फुलकोबी आणि झेंडू लावायचे. "वाफे पाडणाऱ्याला दोरी लागत नाय," असं म्हणून ते मागे न बघता चालत आणि मागे सरळ रेष उमटत जाई. टीमच्या जर्सीचा पिवळा रंगही त्यांनी झेंडूचं फूल दुकानदाराच्या काउंटरवर ठेवून निवडला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी धुळ्याला दिलेली. रविवारचा डबाही ते टचलाइनवर बसूनच खात. मॅच नसली तरी.

नव्वदच्या दशकात उदारीकरण आलं आणि आमची कंपनी एका युरोपीय कंपनीने घेतली. सगळ्या मालाची मोजदाद झाली. यादी टाइप होऊन माझ्याकडे आली तेव्हा मी स्टोअरमध्ये धावलो.

"काठेभाऊ, माणसं कधी स्टॉकला लावतात का?"

"माणसं कुठं लावली? माणसं तुमच्या मस्टरला हाय. टीम कुठंय तुमच्या मस्टरला? दाखवा."

मी मस्टर आठवून पाहिलं. टीम खरोखरच कुठे नव्हती.

"शेजारच्या कंपनीत काय झालं, पाहिलं ना?" ते म्हणाले. "नवे मालक आले. लायब्ररी गेली, भजनी मंडळ गेलं. विचारलं तर म्हणे, असं काही नव्हतंच. नोंदच नाय. आता आपली टीम घेतली ना त्यांनी? मोजून घेतली. सही करून घेतली."

यथावकाश परदेशातून मोठे साहेब आले. कँटीनच्या भिंतीवर पांढरी चादर लावून त्यांनी स्लाइड दाखवल्या. आपल्या कंपनीला फुटबॉलचं किती प्रेम आहे, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांच्या गावातला शंभर वर्षांचा जुना क्लब कंपनीने विकत घेतला होता. मग क्लबचं नाव बदलून कंपनीचं दिलं. रंग बदलून कंपनीचा दिला. गावातलं मैदान विकलं आणि हायवेला लागून नवं स्टेडियम बांधलं. सुरुवातीला गावकऱ्यांनी थोडी भावनिक प्रतिक्रिया दिली, असं साहेब म्हणाले. स्लाइडमध्ये ती प्रतिक्रिया दिसत होती. पोलीस घोड्यावर होते. मी हे सगळं मराठीत सांगत होतो आणि कामगार टाळ्या वाजवत होते, कारण नंतर जिलेबी होती.

काही प्रश्न आहेत का, असं साहेबांनी विचारलं. असा प्रश्न उत्तर नको असतानाच विचारतात, हे काठेभाऊंना माहीत नव्हतं. ते उठले.

"त्या जुन्या मैदानावर रेषा कोण मारायचा? त्याचं काय झालं?"

मी भाषांतर केलं. साहेबांनी शेजारच्या साहेबांकडे पाहिलं. शेजारच्यांनी खांदे उडवले. आता ते काम मशीन करतं, पूर्वीची कल्पना नाही, असं उत्तर आलं.

"म्हणजे रजिस्टरला नव्हता," काठेभाऊ म्हणाले आणि बसले. एवढ्याचं भाषांतर मी केलं नाही.

महिनाभरात आमच्यासाठीही नव्या रंगाच्या, म्हणजे ओल्या सिमेंटच्या रंगाच्या, जर्सींची खोकी आली. मापं तिकडची. आमचा लेफ्ट विंगर त्यातली एक घालून आला तेव्हा गाऊन घातल्यासारखा दिसत होता. काठेभाऊंनी खोकी स्टॉकला जमा केली, कपाटाला कुलूप लावलं आणि टीम पिवळ्या जर्सीतच खेळत राहिली. पुढे त्या नव्या जर्सी मशीन पुसायला दिल्या गेल्या. त्या तेलही टिपत नव्हत्या.

मग दोन-तीन वर्षांत साहेबांच्या कंपनीला साक्षात्कार झाला की आपण पंप बनवतो. मूळ धंद्यात न बसणाऱ्या सगळ्या गोष्टी बंद करा, असा हुकूम आला. आमची टीम बंद करण्याची नोटीसही आली. तिचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे. पण एक अडचण होती. टीम स्टॉकला होती. आणि स्टॉकची वस्तू नुसती बंद करता येत नाही, ती भंगारात काढावी लागते. त्यासाठी फॉर्म असतो. फॉर्मवर तीन सह्या लागतात: मॅनेजर, संबंधित खातं आणि स्टोअरकीपर. ही पद्धत साहेबांच्याच लोकांनी घालून दिली होती आणि तिच्याबद्दल मिळालेलं सर्टिफिकेट गेटवर फ्रेम करून लावलं होतं.

मॅनेजरांनी सही केली. संबंधित खातं म्हणजे मी. माझ्या हातातला चहा निवायच्या आत मी सही केली. काठेभाऊंनी केली नाही.

"वस्तू चालू स्थितीत हाय," ते म्हणाले. "चालू वस्तू मी भंगारात काढत नाय."

मैदानावर कंटेनर उभे राहायला लागले. पोरं पूर्णवेळ मशीनवर गेली, पण कागदोपत्री टीमचीच राहिली. काठेभाऊ शनिवारी चुना घेऊन जात. रेष कंटेनरपर्यंत येई, थांबे आणि कंटेनरच्या पलीकडे, अगदी त्याच ओळीत, पुन्हा सुरू होई. ड्रायव्हर लोक हसत. "ओ भाऊ, कंटेनरला ऑफसाइड देताय का?" काठेभाऊ म्हणत, "कंटेनर आज हाय, उद्या नाय. तो ट्रान्सपोर्टवाल्याच्या रजिस्टरला हाय."

दरवर्षी मार्चअखेर मालाची प्रत्यक्ष मोजणी व्हायची. ऑडिटर यादी घेऊन फिरत. 'एफ'ची पानं आली की काठेभाऊ जेवणाच्या सुट्टीत अकरा जणांना पिवळ्या जर्सीत स्टोअरसमोर उभं करत. "मोजा," ते सांगत. ऑडिटर बोटाने मोजत, टिक करत: नग एक. एका वर्षी आमचा विंगर दुबईला गेला. दहा जणांची टीम होते का, असा शेरा ऑडिटर मारणार, हे ओळखून काठेभाऊ स्वतःच अकरावी जर्सी घालून रांगेत उभे राहिले. तेव्हा त्यांचं वय छप्पन होतं आणि पोट जर्सीत मावत नव्हतं. अँथनी म्हणाला, "भाऊ, श्वास घ्या." ते म्हणाले, "टिक होऊ दे आधी."

त्यानंतर दरवर्षी अकरावे तेच असत.

मग तिकडून बातमी आली. मोठ्या साहेबांच्या कंपनीने आपला तो शंभर वर्षांचा क्लब विकला होता. घेणारे तिसऱ्याच देशातले होते. त्यांचा तेलाचा धंदा होता आणि ते त्या गावी अजून गेले नव्हते. आता जगभरातल्या शाखांच्या यादीतून फुटबॉल हा शब्दच काढायचा होता. तोवर कॉम्प्युटर आला होता. कॉम्प्युटरला आमचे दहा खेळाडू 'फुटबॉल टीम' या वस्तूला जोडलेले दिसत होते. ती वस्तू भंगारात निघाली तर दहा जण उत्पादन खात्यात कायम होणार. महिनाअखेरपर्यंत निघाली नाही, तर वस्तूसकट दहा जण कमी होणार. सात वर्षं ज्या न केलेल्या सहीने टीम वाचवली, तीच आता पोरांना बाहेर काढणार होती.

हे सांगायला मी स्टोअरमध्ये गेलो. आधी क्लब विकल्याचं सांगितलं.

"विकला? सगळा?"

"सगळा."

"अन् आपला?"

मी पोरांचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अँथनीची पोरगी बारावीला हाय," ते म्हणाले. मग हात पुढे केला. "आणा तो फॉर्म."

फॉर्म सात वर्षं माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. त्यांनी तो सावकाश, प्रत्येक रकान्यावर बोट ठेवत वाचला आणि सही केली. 'वस्तूची अवस्था' हा रकाना रिकामा होता. तिथे त्यांनी लिहिलं: चालू.

"काठेभाऊ, चालू लिहिलं तर भंगारात कशी निघेल? निकामी लिहा."

"सही पाहिजे होती, दिली. खोटी नोंद मागू नका, साहेब."

मी फॉर्म तसाच पाठवला. तो कुणी वाचला नाही. दहा जण कायम झाले. त्या शनिवारी काठेभाऊंनी उरलेलं चुन्याचं अर्धं पोतं स्लिप भरून सिव्हिल खात्याला परत केलं.

पुढच्या सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला. त्याच्या हातात कंपनीचा कागद होता: फुटबॉल टीम, नग एक, उचलणे.

"साहेब, माल कुठंय?" ड्रायव्हरने मला विचारलं.

निदान जर्सी, बॉल आणि जाळ्या द्याव्यात म्हणून मी त्याला स्टोअरमध्ये नेलं. काठेभाऊंनी कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं.

"माल इश्यू झाला," ते म्हणाले.

खालच्या फळीवर टाचणी लावलेल्या स्लिपा होत्या. रविवारी सायकलवर फिरून, देवळालीपासून एकलहऱ्यापर्यंत, त्यांनी एकेकाच्या घरी जर्सी पोचती केली होती आणि सही घेतली होती. बॉल आणि जाळ्या अँथनीच्या सहीने होत्या. 'परत करण्याची तारीख' या रकान्यात सगळीकडे आडवी रेघ होती. दोरी न लावता मारलेली, सरळ.

मी स्लिपा मोजल्या. अकरा होत्या. अकराव्या स्लिपवर देणाऱ्याची सही काठे यांची होती आणि घेणाऱ्याचीही. 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं होतं: घरी ठेवण्यासाठी.

ड्रायव्हर रिकामा टेम्पो घेऊन निघाला. गेटवर त्याला अडवलं, कारण भंगाराची गाडी वजन केल्याशिवाय सोडत नाहीत. टेम्पो काट्यावर चढवला. आत येतानाचं आणि बाहेर जातानाचं वजन सारखंच भरलं.