जनू तांडेलाची पाठ

जनू तांडेल पाठीमागे माणूस उभा राहू देत नाही. बायको नाही, भटजी नाही, साक्षात सरपंच नाही. कोणी मागे आला की हा बाजूला सरतो आणि म्हणतो, "पुढं हो. दिसत राहा."

मी या वाडीत सासऱ्याचं घर सांभाळायला आलो, तेव्हापासून हे बघतोय. शाळा मी चौथीत सोडली, पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही असं माझं ठाम मत आहे. हा एक मात्र मला उलगडत नव्हता.

न्हाव्याकडे भिंतीला पाठ लावून बसतो. त्यामुळे पुढून गोटा, मागून जटा. लग्नात होमाभोवती फिरताना नवरी मागे नको, म्हणून हा उलटा चालला. धोतराच्या सोग्यानं पेट घेतला तरी वळेना. शेवटी नवरीनंच कळशी ओतली. ती वहिनी मला सांगायची, "भावोजी, तेव्हाच समजले, याला विझवण्यात जन्म जायचा."

कोकण रेल्वे सुरू झाली, मुंबईचे पाहुणे वाढले आणि किनाऱ्यावर नवीन खेळ आला. जीप वाळूतून दोर ओढते आणि माणूस पॅराशूटला लटकून पतंगासारखा वर जातो. त्याच सुमारास आम्ही दोघे गणपतीपुळ्याला दर्शनाला गेलो. रांगेत मागून येईल त्याला जनू "पुढं हो" म्हणत सोडत होता. देऊळ रिकामं झालं तेव्हा आम्हाला गणपती दिसला. मग किनाऱ्यावर आलो.

पॅराशूटवाला चांगला मिशीवाला बाप्या होता. त्याच्या तोंडून गेलं, "आजोबा, हे तुमचं काम नाही."

"डोलकाठीवर चढून शीड सोडवलंय मी," जनू म्हणाला. "बांध."

मग समजलं की खेळ जोडीचा आहे. पॅराशूटवाला पाठीला बांधून घ्यायचा.

"पुढं ये," जनू म्हणाला.

"पुढे आलो तर दोऱ्या कोण ओढणार?"

"मग मला उलटा बांध. तोंडाला तोंड."

"आजोबा, आपलं काय लगीन आहे?"

बायाबापड्या हसायला लागल्या. मी म्हटलं, "चल जनू घरी. दर्याला भ्याला नाहीस, आणि या मिशीला भ्यालास?"

उंचीला जनू भीत नव्हता, हे मला तेव्हाही दिसलं. भीती होती ती पाठीची.

एकदम तो जीपकडे गेला. जीपचा बाजूचा आरसा मुळात सुतळीनं बांधलेला होता. जनूनं सुतळी सोडली, आरसा छातीशी धरला, त्यात मागची मिशी नीट बघून घेतली आणि म्हणाला, "हं. ने आता."

गेला की वर! खाली दर्या पसरलेला, देवळाचा कळस, माडांची रांग. माणसं हे बघायला वर जातात. आमचा पठ्ठ्या आरशात बघत होता. खालून आम्हाला नुसती चकाकी दिसत होती.

खाली आल्यावर पॅराशूटवाल्याचा घसा बसला होता. "सारखं एकच विचारत होते, हायेस ना, हायेस ना. हो म्हणून म्हणून दमलो."

मी विचारलं, "वरून काय दिसलं रे?"

"काय नाय बघितलं. ह्याच्यावर लक्ष होतं." पट्टे सुटले तरी जनूनं त्या माणसाचं मनगट सोडलं नव्हतं. वाळूकडे बघत म्हणाला, "आमचा धाकला भाऊ दामू होडीत माझ्या पाठी बसायचा. त्या दिवशी मी जाळं ओढत होतो. कायतरी बोललो, जबाब नाय. वळलो, तर फळी रिकामी."

दामू दर्यात गेला हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो कुठे बसला होता, ते कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

जनूनं आरसा परत जीपला बांधला. चांगली कोळ्याची गाठ मारून.

परतीच्या एस.टी.त शेवटचा बाक भरलेला होता. पुढे एक जागा होती, तिथे जनू बसला. त्याच्या मागची जागा रिकामी झाली. मी बसलो आणि "पुढं हो" ऐकायची वाट बघत राहिलो. तो बोलला नाही. घाटी उतरताना मात्र, मान न वळवता, हळूच म्हणाला,

"हायेस ना रे?"

"हाय रे मेल्या," मी म्हटलं. "जातोय कुठं?"

आणि घर येईपर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवला.