पाऊण टनाचा गारवा

हिराजीकाका एसी घ्यायला म्हणून आले आणि माझ्या दुकानाच्या फरशीवर आडवे झाले.

मे महिना होता. अलिबागला कोर्टाजवळ माझं फ्रिज-एसीचं दुकान आहे आणि त्या दिवसांत मला जेवायलाही फुरसत नसते. दुकानात गिऱ्हाइकं, त्यात दोन वकील, आणि मधोमध सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ छातीवर ओला रुमाल ठेवून, डोळे मिटून पडलेले. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली. पाणी घेऊन धावलो, तर एक डोळा उघडून म्हणाले, "पानी नको. दुसरा लाव. ह्याचा आवाज झोपेत टोचतोय."

त्या दुपारी त्यांनी चार एसी असे पडून ऐकले. एकाचा पंखा घरघरत होता, दुसऱ्याची हवा थेट नाकावर येत होती, तिसरा सुरू होताना बीप करून वाजत होता. त्या बीपवर त्यांचा विशेष राग. झोपलेलं माणूस दचकेल, म्हणाले. कुठलं माणूस, ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकांच्या घरातल्या भानगडी ऐकत बसलो तर माझं दुकान चालायचं कसं?

हिराजीकाका आमच्या भागात सगळ्यांना माहीत. खाडीच्या जेट्टीवर बर्फाचा कारखाना आहे, तिथलं मशीन त्यांनी उभा जन्म चालवलं. तिथे त्यांना एक तत्त्वज्ञान सापडलं आणि ते ऐकवल्याशिवाय त्यांनी नंतर कोणालाही सोडलं नाही. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत, एकदा तर मयताला गेल्यावरही मी ते ऐकलंय. "थंडी वेगली, गारवा वेगला." थंडी मासळीसाठी, गारवा माणसासाठी. सोळावर एसी लावून वर गोधडी घेणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. त्यांचं म्हणणं, असल्या माणसांना सरळ बर्फाच्या पेटीत पापलेटांशेजारी लावावं.

खोली केवढी आहे, असं मी विचारलं.

"खोली न्हाय," ते उठून बसत म्हणाले. "होडी हाय."

किहीमच्या एका बंगलेवाल्याची हौसेची शिडाची होडी काका वर्षानुवर्षं सांभाळत. बंगला विकून साहेब परदेशी गेले आणि जाताना होडी काकांना देऊन गेले. काकांनी ती जेट्टीला बांधली ती बांधलीच. शीड गुंडाळून ठेवलेलं. अठरा फुटांची होडी, तिच्यात दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी केबिन, उभं राहिलं तर डोकं आपटणार. आणि तिला एसी. गावात हसं झालं नसतं तरच नवल. काशीदला जाणारे पर्यटक वाट वाकडी करून होडी भाड्याने मागायला येत आणि काका त्यांना ती बिघडलीय असं सांगत. शिडाच्या होडीत बिघडायला काय असतं, हे त्या बिचाऱ्यांना कुठलं ठाऊक!

मीही हसलो, खोटं कशाला सांगू? काकांचं घर चांगलं पक्कं होतं, मुलाने तिथे एसीही बसवला होता. कमळाकाकू, म्हणजे त्यांची बायको, दोनेक वर्षं बाजारात दिसल्या नव्हत्या. बरं नसतं, एवढंच लोकांना माहीत. आजारी बायकोला घरी ठेवून म्हातारा स्वतः होडीत गार हवा खात झोपणार, असं मी घरी जेवताना बोललोसुद्धा.

पण एसी निवडण्यात आमचा आठवडा गेला. स्प्लिट म्हटलं तर त्याचं बाहेरचं धूड ठेवायचं कुठे? चाकांवरचा घेतला तर तो एका माणसाची झोपायची जागा खाणार. मोठ्या बोटींत समुद्राच्या पाण्यावर चालणारा एसी असतो, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यासाठी तळाला भोक पाडावं लागतं, हे कळल्यावर काकांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी विषयच सोडला. शेवटी पाऊण टनाचा खिडकीचा एसी ठरला, जुन्या पद्धतीचा, बटण फिरवायचा, मुका. केबिनच्या डाव्या बाजूची झडप काढून तो तिथे बसवला. वीज बर्फाच्या कारखान्यातून. मालकाने जुन्या माणसाचा शब्द मोडला नाही.

पहिला घोटाळा माझाच. वायर मी भरतीला मोजून कापली. ओहोटीला होडी खाली गेली आणि प्लग उपटून लटकू लागला. मी पडलो जमिनीवरचा माणूस. काका मात्र आठ दिवस भेटेल त्याला सांगत होते की नंदूशेठनी, म्हणजे मी, खाडीला विचारलं न्हाय.

दुसरा घोटाळा त्यांचा. एसीच्या वजनाने होडी डावीकडे कलली. मी म्हटलं, उजवीकडे लोखंडी वजनं ठेवू. ते म्हणाले, मीठ. काकूंच्या माहेरचं मिठागर अजून चालू होतं, तिथून त्यांनी दोन गोणी आणल्या. दोन जरा जास्तच झाल्या. होडी उजवीकडे झुकली, एसीचं पाणी बाहेर पडायचं ते आत आलं आणि थेंब थेंब करत गोणींत मुरलं. मीठ विरघळलं. काका मगाने खारं पाणी उपसत राहिले, गोणी रोडावत गेल्या आणि एक दिवस होडी आपोआप सरळ झाली. झालं ते उत्तमच झालं होतं. तर दुसऱ्या दिवशी काकांनी नवी भरलेली गोण आणून ठेवली आणि होडी पुन्हा कलली.

असं तीनदा झालं. दर वेळी मला फोन: पानी आत येतंय. मी वाळू सुचवली, विटा सुचवल्या. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मीठच बरा." बर्फाच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला मीठ पाण्यात विरघळतं हे कळू नये? चौथ्यांदा मी चिडलो. ठरवलं, आता विचारायचंच नाही. टेम्पोत लोखंडी वजनं टाकली आणि सकाळी सहाच्या सुमाराला जेट्टीवर गेलो.

खाली वाकून केबिनमध्ये पाहिलं, तर कमळाकाकू.

एका कुशीवर झोपल्या होत्या. अंगावर पातळ चादर, आणि एक हात मिठाच्या गोणीवर, लहान मूल आईच्या अंगावर टाकतं तसा. दारात काका बसले होते, रात्रभर तिथेच बसल्यासारखे. मला पाहून त्यांनी आधी तोंडावर बोट ठेवलं, मग हळू आवाजात सगळं सांगितलं.

काकूंचं आठवणं दोन वर्षांपासून सुटत चाललं होतं. आधी नातवंडं गेली, मग मुलगा, मग घर. अंधार पडला की त्या उठायच्या आणि मला घरी न्या म्हणून रडायच्या. एका संध्याकाळी काका त्यांना वारा खायला होडीत घेऊन आले, तर पाण्याच्या हेलकाव्यावर त्या गाढ झोपल्या. आई लहानपणीच वारलेली, म्हणून बाप त्यांना मिठाच्या मचव्यावर घेऊन मुंबईला जायचा, आणि पोर गोणींवर झोपायची. तेवढंच आता उरलं होतं. पण केबिनच्या उकाड्याने अंगभर घामोळं उठलं, झोप पुन्हा मोडली. म्हणून एसी.

"वाळूची गोन ठेवून पायली एकदा," काका म्हणाले. "हात लावला न उठून बसली. वलखलान तिनी."

घरी जेवताना केलेली थट्टा आठवली आणि माझी मलाच लाज वाटली.

इतक्यात काकू जाग्या झाल्या. चेहरा शांत होता. काकांकडे पाहून म्हणाल्या, "तांडेल, मुंबय आली काय?"

चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेला नवरा. तिच्यासाठी तो आता बापाच्या मचव्याचा तांडेल होता, होडी चालवणारा एक परका माणूस. काकांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"वारा पडलाय, बाय. वारा लागला की पोचू."

"घाय न्हाय," काकू म्हणाल्या. "बरा गारवा हाय."

हे ऐकून काकांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर सांगत आलेली गोष्ट अखेर कोणीतरी मान्य केली होती. तेवढ्यात काकूंची नजर माझ्यावर आली आणि त्यांनी विचारलं, "ह्यो कोन?"

"नवा खलाशी हाय," काका म्हणाले. "गोनी उचलाया ठेवलाय."

जेट्टीवर एक भरलेली गोण तयार होती. लोखंडी वजनं टेम्पोतच राहू दिली. चपला काढल्या, गोण खांद्यावर घेतली आणि होडीत उतरलो.