व्हायोलिनच्या पोटातलं ठिगळ

व्हायोलिन कोणी बनवलंय हे ओळखायला दुरुस्तीवाल्या अण्णांना आतली चिठ्ठी लागत नसे. निदान ते तसं सांगत. "आपण नुसतं हुंगलं तरी पुरे!"

त्यामुळे एक निवृत्त संगीतशिक्षिका बाई आपल्या काकांचं बिनचिठ्ठीचं व्हायोलिन घेऊन दुकानात आल्या, तेव्हा अण्णांना चेवच चढला. बाईंना ते जुन्या वाद्यांच्या प्रदर्शनात मांडायचं होतं. काकांनी जन्मभर जपलेलं वाद्य एकदा तरी चार लोकांनी बघावं, एवढीच त्यांची इच्छा. पण अर्जात कारागिराचं नाव हवंच, आणि अर्ज द्यायचा आजचा शेवटचा दिवस!

अण्णांनी हुंगलं. "शंभर वर्षांचं!" टिचकी मारली. "छे, दीडशे!"

"आता खाली ठेवा," त्यांची बायको म्हणाली, "तुमच्या हातात ते भराभर म्हातारं होतंय."

अण्णांनी तिकडे साफ दुर्लक्ष करून भोकातून बारकासा आरसा आत घातला, आणि लालबुंद झाले. "बाई, चिठ्ठी होती हो! तिचा एक कोपरा अजून चिकटलेला दिसतोय! कुण्या गाढवानं ती खरवडून वर लाकडाचं ठिगळ मारलंय! आणि सरस बघा, गिलावा केल्यासारखा थापलाय! असल्या माणसाच्या हातात खिळासुद्धा देऊ नये!"

बाईंचे डोळे भरून आले. ते पाहून अण्णा विरघळले. "रडू नका. ठिगळाखाली शाईचा नुसता डाग उरला असला, तरी नाव वाचून दाखवतो!"

पातळ सुरी फिरवून त्यांनी वरची फळी सोडवली, किटलीची वाफ दिली. बाई घड्याळाकडे बघत बसल्या. अर्ध्या तासानं ठिगळ सुटलं. खालचं लाकूड धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ! ठिगळाच्या पाठीवर मात्र पेन्सिलीची अक्षरं होती. बाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "'माझी पहिली स्वतंत्र दुरुस्ती. गुरुजींना दाखवू नये.' खाली सही आहे."

बायकोनं वाकून बघितलं. "अगंबाई! ही तर आपल्या दुकानाच्या पाटीवरचीच सही!"

अण्णांना कुठे बघावं कळेना. बाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी अर्ज पुढ्यात ओढला, पेनाचं टोपण काढलं. "चला, गाढव तरी सापडलं! आता त्यालाच विचारा, चिठ्ठीवर नाव कुणाचं होतं?"

अण्णांनी डोळे मिटले, डोकं खाजवलं, ठिगळ हुंगूनसुद्धा पाहिलं.

"तो म्हणतो," ते पुटपुटले, "खरवडायच्या घाईत वाचायचंच राहिलं."