बर्फाची आणेवारी

चार महिन्यांनी पलटणीत गेलेल्या कुंडलिकचं पत्र आंबवड्याला आलं आणि बाळाबाईच्या जिवात जीव आला. पण पोरगं आहे कुठं ते काही कळेना. त्रेचाळीस साल, लढाईचे दिवस. सरकारनं मुक्कामाचं नाव काळ्या शाईनं पार फासून टाकलेलं. आणि बाळाबाईला तर घोंगडी धाडायची होती. थंडीत असेल तर घोंगडीनं जीव वाचेल. उन्हाच्या मुलखात असेल तर उगाच पाठीला ओझं.

ती आनंदरावांकडे गेली. आनंदराव म्हणजे भोर संस्थानातले निवृत्त कारकून. जन्मभर शेतातलं पीक किती आणे आलं याची आणेवारी लावलेला माणूस, तो लढाईला सोडतोय होय!

"एकेका बातमीचे आणे लावू," ते म्हणाले. "सोळा भरले की खरं."

आळीतला गेनबा म्हणाला, "म्या कापूरहोळला लॉरीवाल्याकडनं ऐकलं. आपली पलटण बर्फात हाय."

"ऐकीव. चार आणे."

दुसऱ्या दिवशी खुद्द लॉरीवाल्याला गाठलं. तोही बर्फच म्हणाला. चार. भोरचा वाणी, बर्फ. चार. शेजारच्या सगुणाबाईनं तर छातीठोक सांगितलं. चार.

"सोळा आणे. बर्फ कायम," आनंदरावांनी निकाल दिला.

बाळाबाईला दोन दिवस घास उतरला नाही. पण बाई मोठी चौकस. लॉरीवाल्याला सांगितलं कुणी? वाण्यानं. वाण्याला? सगुणाबाईनं.

"आन् सगुणे, तुला गं कुणी सांगितलं?"

"तूच की. पानवठ्यावर म्हणालीस न्हवं, माजं पोर कुठं बर्फात काकडत असंल म्हणून?"

आनंदरावांचं तोंड एवढंसं झालं. बाळाबाईचीच काळजी गावोगाव हिंडून, सोळा आणे होऊन घरी आली होती.

"मग आता घोंगडीचं?" गेनबानं विचारलं.

"धाडायची," बाळाबाई म्हणाली. "थंडी असंल तर पांघरंल, ऊन असंल तर अंथरंल."

पत्त्यात गाव लागतच नव्हतं, पलटणीचा नंबर पुरे होता. आनंदरावांनी तो निमूटपणे वळणदार अक्षरात लिहून दिला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. सगळी आळी ओट्यावर गोळा झाली. आनंदराव चष्मा सावरून वाचू लागले, "आई, घोंगडी मिळाली. इथं..." आणि पुढं काळी शाई. शाईच्या पलीकडे एवढंच, "...असल्यामुळं लई उपयोग झाला."

"म्हंजी पांघरली का अंथरली?" गेनबा म्हणाला.

"उपयोग झाला म्हणतोय न्हवं? मग झालं तर," म्हणत बाळाबाई गूळ वाटायला उठली.